एडी बदलला तर टीमला फरक पडतो का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी व्हॉलीबॉल खेळते. अमेरिकेतली तीन डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवरची, विद्यापीठं तिला स्कॉलरशिप देऊ करताहेत. त्यांपैकी एका ठिकाणी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे एडी, नुकतेच बदलले आहेत. तिथल्या कोच म्हणतात, "आमच्या टीमवर काही परिणाम होणार नाही." खेळणार मुली, शिकवणार कोच; मग ऑफिसात बसणाऱ्या माणसामुळे यशात खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि पुष्कळ पडतो. पण तो उशिरा दिसतो. या वर्षापुरतं बोलायचं तर कोच खरंच सांगत असतील. तुमची मुलगी मात्र तिथे चार वर्षं काढणार आहे.

मी 22 वर्षं दोन सरकारी विद्यापीठांच्या क्रीडा विभागात काम केलं. सुरुवात नियमपालनाच्या टेबलावर, म्हणजे कंप्लायन्समध्ये झाली. पुढे 11 वर्षं स्पोर्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होतो. पाच-सहा खेळांचे कोच माझ्याकडे यायचे आणि मी एडीकडे जायचो. या काळात पाच एडी पाहिले. जे सांगतोय ते त्यातून आलेलं आहे.

एडी म्हणजे विभागाचा प्रमुख, थेट विद्यापीठाच्या प्रेसिडेंटला उत्तर देणारा. फुटबॉलच्या (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) वरच्या गटात राहायचं तर विद्यापीठाला किमान 16 खेळ चालवावे लागतात. ओहायो स्टेटसारख्या ठिकाणी 36 चालतात. त्यातला पैसा बहुतेक ठिकाणी फक्त फुटबॉल आणि पुरुषांचा बास्केटबॉल कमावतात. बाकी सगळे खेळ खर्चाचे. म्हणजे दोन कमावत्यांच्या जिवावर चौदा-पंधरा जणांचा संसार चालवायचा, आणि त्यातलं कोणी उपाशी राहत नाही ना हे बघायचं. व्हॉलीबॉलच्या मुलीच्या दृष्टीने एडीचं महत्त्व इथूनच सुरू होतं.

आधी उशिराचं उदाहरण देतो, कारण एडीला जोखताना जवळजवळ सगळेच इथे चुकतात.

टेनेसी विद्यापीठात जॉन करी 2017 च्या एप्रिलमध्ये एडी झाले. नोव्हेंबरअखेर फुटबॉलचा नवा कोच म्हणून त्यांनी ग्रेग शियानो यांचं नाव जवळजवळ पक्कं केलं. बातमी फुटली, चाहते आणि स्थानिक राजकारणी खवळले, आणि रविवारचा दिवस मावळायच्या आत करार मोडला. पाच दिवसांत करी यांचीच खुर्ची गेली. आठ महिन्यांचा एडी. कॉलेज क्रीडाक्षेत्रात कोच कसा नेमू नये, याचं उदाहरण म्हणून आजही हाच किस्सा सांगितला जातो.

आता त्याच आठ महिन्यांतली दुसरी नेमणूक बघा. जूनमध्ये करी यांनी बेसबॉलसाठी टोनी व्हायटेलो यांना आणलं होतं. व्हायटेलो तोवर असिस्टंट कोच होते, हेड कोच म्हणून एकही दिवस काढलेला नव्हता. त्या नेमणुकीवर कोणी मोर्चा काढला नाही, कारण तिकडे कोणाचं फारसं लक्षच नव्हतं. 2024 मध्ये टेनेसीने बेसबॉलचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. करी तेव्हा वेक फॉरेस्टचे एडी होते. पुढे 2025 मध्ये व्हायटेलो यांना सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक टीमने थेट मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, म्हणून उचललं.

मधला भागही सांगायलाच हवा. करी यांच्या जागी फिलिप फुल्मर आले. ते टेनेसीचेच जुने फुटबॉल कोच, 1998 चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्या नावावर. लोकांना आपला माणूस मिळाल्याचा आनंद झाला. त्यांनी जेरेमी प्रुइट यांना नेमलं. 2021 च्या जानेवारीत खेळाडू मिळवण्यातल्या गैरप्रकारांवरून प्रुइट यांना काढलं आणि त्याच दिवशी फुल्मर यांनी निवृत्ती जाहीर केली. 2023 मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, विद्यापीठाला 80 लाख डॉलरहून जास्त दंड केला. तो भरताना खुर्चीत होते डॅनी व्हाइट, ज्यांचा त्या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता.

एकाने लावायचं, दुसऱ्याने खायचं; एकाने करायचं, दुसऱ्याने निस्तरायचं. या धंद्यात हे नेहमीचं आहे. म्हणून आज टीम जिंकतेय म्हणजे आजचा एडी चांगला, असा हिशेब मांडता येत नाही. आजची टीम साधारण चार-सहा वर्षांपूर्वीच्या निर्णयांवर उभी असते.

मग एडीचं बघायचं काय? मी दोन गोष्टी बघतो. कोचला वेळ देण्याची हिंमत, आणि त्याच कोचला "नाही" म्हणण्याची हिंमत. दोन्ही एकाच माणसात क्वचित सापडतात. ज्याला वेळ देता येतो तो पुढे पुढे कोचचा मित्र होऊन बसतो, आणि ज्याला नाही म्हणता येतं त्याला तिसऱ्याच पराभवानंतर माणूस बदलावासा वाटतो.

वेळ देण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या मते व्हँडरबिल्टचं. हे शाळेसारखं नीटनेटकं, अभ्यासासाठी नावाजलेलं खासगी विद्यापीठ. फुटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्लेलं. 2003 मध्ये तिथले चॅन्सलर गॉर्डन गी यांनी स्वतंत्र क्रीडा विभागच मोडला आणि खेळ विद्यार्थीजीवनाच्या विभागात आणून बसवले. एडी हे पदच राहिलं नाही. आमच्या क्षेत्रात तेव्हा खळबळ माजली होती. आता यांचं वाटोळं होणार, असं भलेभले म्हणत होते. झालं उलटं. 2007 मध्ये महिलांच्या बोलिंग टीमने विद्यापीठाला इतिहासातलं पहिलं सांघिक राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. बेसबॉलने 2014 आणि 2019 मध्ये जिंकलं. म्हणजे एडी लागतच नाही? तसं नव्हे. पदाची पाटी गेली, तरी डेव्हिड विल्यम्स नावाचे उपकुलगुरू तेच काम करत होते, आणि बेसबॉलचे टिम कॉर्बिन 2002 मध्ये, त्या फेरबदलाच्या आधीच आलेले होते. त्यांना कोणी हलवलं नाही, एवढं मोठं शहाणपण त्या काळात दाखवलं गेलं.

फुटबॉलची गोष्ट नंतरची. 2020 मध्ये कँडिस स्टोरी ली तिथल्या एडी झाल्या. त्या स्वतः व्हँडरबिल्टकडून बास्केटबॉल खेळलेल्या. त्यांनी क्लार्क ली यांना फुटबॉल कोच नेमलं. (आडनाव कानाला सारखं लागतं, नातं काही नाही.) पहिल्या वर्षी 2 विजय, 10 पराभव. दुसऱ्या वर्षी 5 आणि 7. तिसऱ्या वर्षी, 2023 मध्ये, पहिले दोन सामने जिंकले आणि पुढचे दहाच्या दहा हरले.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एडीच्या ऑफिसात काय चालतं, हे मी जवळून पाहिलंय. देणगीदारांचे फोन सुरू होतात. प्रेसिडेंटच्या सचिवांचा "सहज" म्हणून फोन येतो. स्थानिक वार्ताहर रोज एकच प्रश्न विचारतो. आणि एडीच्या खणात एक कागद असतोच. प्रत्येक मोठ्या खेळासाठी चार-पाच संभाव्य कोचांची नावं, वर्षातून दोनदा ताजी केलेली. तो कागद बाहेर काढणं हाच त्या क्षणी सगळ्यात सोपा मार्ग असतो. सगळे गप्प होतात, नव्या माणसाच्या स्वागताला बँड वाजतो.

व्हँडरबिल्टमध्ये तो कागद बाहेर आला नाही. कोच राहिला. त्याने आक्रमणाचे प्रशिक्षक बदलले, बचावाची सूत्रं स्वतःकडे घेतली, न्यू मेक्सिको स्टेटहून डिएगो पाव्हिया नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, आणला. 5 ऑक्टोबर 2024 ला त्याच टीमने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अलाबामाला 40-35 ने हरवलं. 2025 मध्ये विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच एका हंगामात 10 विजय झाले. पाच वर्षं लागली. पी हळद आणि हो गोरी हे ज्यांना हवं असतं, त्यांना ही पाच वर्षं दिसतच नाहीत.

उलट बाजू नेब्रास्काची, आणि ती तुमच्या कामाची आहे, कारण तिथे व्हॉलीबॉल आहे. एकच विभाग, तेच एडी, तोच पैसा. व्हॉलीबॉलला 1977 पासून 2024 च्या हंगामापर्यंत दोनच हेड कोच लाभले, टेरी पेटिट आणि जॉन कुक. त्या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं आली. 30 ऑगस्ट 2023 ला त्यांनी फुटबॉलच्या मेमोरियल स्टेडियममध्ये व्हॉलीबॉलचा सामना ठेवला तेव्हा 92,003 लोक आले. महिलांच्या कॉलेज व्हॉलीबॉलला! तो आकडा मी ऐकला तेव्हा गळा दाटून आला होता. ज्या खेळाच्या बजेटसाठी मी वर्षानुवर्षं पाच-पाच हजार डॉलरवरून भांडलो, त्याच खेळासाठी एवढी गर्दी.

आता तिथलंच फुटबॉल. 2003 मध्ये 9 सामने जिंकलेल्या हंगामानंतर फ्रँक सोलिच यांना काढलं, का तर एडीला त्याहून मोठं काही हवं होतं. पुढच्याच वर्षी 1961 नंतर पहिल्यांदा हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. 2014 मध्ये वेगळा एडी, वेगळा कोच, पण गोष्ट तीच: 9 विजय मिळवणाऱ्या बो पेलिनींना निरोप. मग माइक रायली, मग स्कॉट फ्रॉस्ट. फ्रॉस्टना 11 सप्टेंबर 2022 ला काढलं. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर करार मुदतीआधी मोडल्याबद्दल त्यांना द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून 75 लाखांवर येणार होती. तीन आठवड्यांसाठी 75 लाख डॉलर जास्त गेले. कोणी म्हणेल, टीम हातातून निसटत होती, थांबणं शक्य नव्हतं. तसं असेलही. पण मुळात तो करार केला कोणी, तो वाढवून दिला कोणी, याची उत्तरं आधीच्या एडींच्या सह्यांमध्ये आहेत. टेक्सास ए अँड एमने 2023 मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. काही न करण्यासाठी दिलेले पैसे आहेत हे. त्यात पोहण्याचा तलाव होतो, टेनिसची कोर्टं होतात, आणि वर कितीतरी ट्रेनर वर्षानुवर्षं पोसता येतात.

दोन्ही खेळांत फरक काय? माझं मत सांगतो. व्हॉलीबॉलमध्ये एडींनी ढवळाढवळ केली नाही, आणि लागेल ते दिलं. फुटबॉलमध्ये प्रत्येक नव्या एडीला आपली खूण उमटवायची होती. ज्या खेळावर सगळ्यांचे डोळे असतात तिथे एडीचा अहंकार आधी पोचतो.

आता "नाही" म्हणण्याबद्दल, आणि इथे मला थोडं थांबायचंय.

29 मे 2018 ला मेरीलँड विद्यापीठात फुटबॉलच्या सरावात 19 वर्षांचा एक खेळाडू कोसळला. उष्माघात. अंगाचा ताप 106 फॅरनहाइटपर्यंत चढलेला. अशा वेळी एकच गोष्ट करायची असते, बर्फाच्या पाण्याच्या टबात शरीर बुडवायचं, लगेच, अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधी. ते झालं नाही. 13 जूनला तो गेला. नंतरच्या चौकशांत निघालेल्या गोष्टी आमच्या कामातल्या प्रत्येकाने पाठ कराव्यात अशा आहेत. खेळाडू बोलायला घाबरत होते. व्यायाम घेणारा स्ट्रेंग्थ कोच नक्की कोणाच्या हाताखाली आहे, हेच स्पष्ट नव्हतं. आणि त्या दिवशी विभागाला कायमचा एडीही नव्हता. आधीचे दूर झालेले, नवे हंगामी. ट्रेनरांना क्रीडा विभागातून काढून वैद्यकीय शाखेच्या हाताखाली द्यावं, असा प्रस्ताव आदल्या वर्षी पुढे आला होता. तो मान्य झाला नव्हता.

ट्रेनर म्हणजे इथे व्यायाम घेणारा नव्हे. दुखापत बघणारा, "हिला आज खेळवू नका" म्हणायचा अधिकार असलेला माणूस. मोठ्या कॉन्फरन्सनी, म्हणजे विद्यापीठांच्या क्रीडा गटांनी, 2016 मध्ये नियमच केला की खेळाडूच्या प्रकृतीबाबत ट्रेनर आणि डॉक्टरांचा शब्द अंतिम, कोचला तो फिरवता येणार नाही. नियम चांगला आहे. पण तो कागदावरून मैदानावर आणतो एडी, दुसरं कोणी नाही.

मी पहिल्या विद्यापीठात असताना, या नियमाच्या बऱ्याच आधी, एका खेळाडूच्या डोक्याला मार लागला होता. ट्रेनरने शनिवारच्या सामन्यासाठी नकार दिला. कोचने एडीला फोन लावला आणि एडीने ट्रेनरला. "पुन्हा एकदा बघा," एवढंच म्हणाले. ती ट्रेनर बधली नाही, खेळाडू खेळली नाही. मे महिन्यात त्या ट्रेनरचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. कारण दिलं बजेटचं. त्यानंतर तिथल्या कुठल्याही ट्रेनरला मी मोठ्याने "नाही" म्हणताना ऐकलं नाही. एका फोनने तो विभाग बदलला. मी तेव्हा कंप्लायन्सच्या टेबलावर होतो, मला सगळं कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. याची बोच अजून आहे.

चांगला एडीही मी पाहिला, किंबहुना चांगल्या एडी. दुसऱ्या विद्यापीठात त्या रुजू होऊन दोनच आठवडे झाले होते. आमची क्रॉस कंट्रीची, म्हणजे लांब पल्ल्याच्या धावण्याची, टीम स्पर्धेहून रात्री एकच्या सुमारास परतली. 15 सीटांची व्हॅन असिस्टंट कोच चालवत होता. लहान खेळांत तीच पद्धत होती, बस परवडायची नाही. व्हॅन पार्किंगमध्ये शिरली तर या तिथे उभ्या, अंगात कोट, हातात कॉफी. सगळी मुलं उतरेपर्यंत थांबल्या, मग असिस्टंटला विचारलं, "सकाळी कितीला उठलात?" तो म्हणाला, साडेचारला. त्या "बरं, झोपा आता" म्हणून निघून गेल्या.

महिन्याभरात नियम आला: परतीचा प्रवास रात्रीचा असेल तर कोचने गाडी चालवायची नाही, बस आणि ड्रायव्हर विभाग देईल. पैसे आले फुटबॉलच्या बजेटमधून. घरच्या मैदानावरच्या सामन्याच्या आदल्या रात्रीही फुटबॉल टीम हॉटेलात राहायची, त्यातल्या दोन रात्री कापल्या. फुटबॉल कोच त्यांच्या केबिनमध्ये गेला, दार आपटून बाहेर आला. निर्णय बदलला नाही.

चार वर्षांनी ती क्रॉस कंट्री टीम राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरली. बसमुळे ठरली, असं मी म्हणणार नाही. पण तो असिस्टंट नोकरी सोडायच्या बेतात होता, तो राहिला. त्याने गावोगाव फिरून आणलेली मुलं राहिली. पात्र ठरलेल्या सात धावपटूंपैकी पाच त्याने आणलेले होते. एडीमुळे यश कसं येतं असं कोणी विचारलं की मला ते पार्किंग आठवतं.

पैशाचं नवं प्रकरण टाळता येणार नाही, पण थोडक्यात आटोपतो. 2021 च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. 6 जून 2025 ला न्यायालयाने खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली, आणि 1 जुलैपासून विद्यापीठं स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. ते कोणाला किती वाटायचे हे मुख्यतः एडी ठरवतात. बहुतेक मोठ्या ठिकाणी सिंहाचा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. हा पैसा कुठून तरी काढावाच लागतो, आणि काढायची वेळ आली की हात आधी लहान खेळांकडे जातो. स्टॅनफर्डचंच बघा. सगळ्या खेळांच्या एकत्रित कामगिरीसाठी दिला जाणारा डायरेक्टर्स कप त्यांनी सलग 25 वर्षं जिंकला, आणि तरी 2020 च्या जुलैमध्ये 11 खेळ बंद करायची घोषणा केली. माजी खेळाडूंनी वर्षभर लढून ती मागे घ्यायला लावली. व्हॉलीबॉल सहसा या यादीत नसतो. पण प्रवास, असिस्टंटचे पगार, ट्रेनरची संख्या यांना कात्री लागते, आणि ती कुठल्या बातमीत येत नाही.

आता तुमच्या निर्णयाकडे येतो. नवा एडी आला एवढ्यावरून ते विद्यापीठ खोडू नका. भेटीला जाल तेव्हा व्हॉलीबॉल कोचचा करार कोणत्या वर्षी संपतो ते विचारा. सरकारी विद्यापीठात ते गुपित नसतं. मुलगी दुसऱ्या वर्षात असताना तो संपत असेल, तर नव्या एडीने तो वाढवायचं बोलणं सुरू केलंय का, हेही विचारा. कोचना राग येणार नाही. उलट त्यांनाच ते हवं असेल.

ट्रेनरला एकटं गाठा आणि विचारा, "तुमचं वार्षिक मूल्यमापन कोण करतं?" उत्तर वैद्यकीय संचालक किंवा विद्यापीठाचं आरोग्य केंद्र असं आलं तर उत्तम. हेड कोच असं आलं, तर तिथे मी माझी मुलगी पाठवणार नाही.

शेवटच्या वर्षाच्या मुलींशी बोला. एनसीएएच्या नियमानुसार निघणाऱ्या काही खेळाडूंची निरोपाची मुलाखत विभागाला घ्यावी लागते. त्यांच्या आधीच्या वर्षीच्या मुलींनी तिथे ज्या तक्रारी केल्या, त्यातलं काही बदललं का, हे त्या सांगू शकतील. प्रवास कशाने होतो, रात्री गाडी कोण चालवतं, हे तर नक्कीच विचारा.

आणि नव्या एडीबद्दल एक काम घरी बसून करता येईल. ते आधी जिथे होते, तिथे त्यांनी फुटबॉल आणि बास्केटबॉल सोडून कोणकोणते कोच नेमले त्याची यादी काढा. व्हॉलीबॉल, सॉकर, पोहणं, सॉफ्टबॉल. जुन्या बातम्यांत अर्ध्या तासात मिळेल. ते कोच आज कुठे आहेत, किती वर्षं टिकले, त्यांच्या टीममधून दर वर्षी किती मुली ट्रान्सफर घेऊन बाहेर पडतात, ते बघा. दोन-तीन नावं चांगली निघाली तर मला कळवा, मग उरलेल्या दोन विद्यापीठांशी तुलना करून बोलू.